ग्रोहामरची सरळ रेषा

इन्नरविक, ८ ऑक्टोबर १९७८

सिग्ने,

तू मे महिन्यात येऊन खाडीवरच्या ग्रोहामर डोंगरातल्या फटीच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या ठोकायला लावल्यास आणि बेर्गनला निघून गेलीस. चढायचं काम माझ्याकडे. आता हिशेब तुझ्याकडे पाठवतो. दोन खुंट्यांमधलं अंतर, सेंटिमीटरमध्ये, दर महिन्याच्या सहा तारखेला मोजलेलं: मे बेचाळीस, जून साडेचव्वेचाळीस, जुलै सेहेचाळीस, ऑगस्ट साडेसत्तेचाळीस, सप्टेंबर साडेपन्नास, ऑक्टोबर बावन्न. यंदा पाऊस हटायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे गवत निम्मं कुजलं आणि डोंगरही भिजून फुगला असेल असं मला वाटतं. पण मी मेंढ्या राखणारा, तू शाळेत गणित शिकवणारी. तू सांग.

जिल्हा कचेरीतले भूगर्भवाले ब्रेक्के सप्टेंबरात येऊन गेले. माझ्यामागून वर चढले, धापा टाकत. स्वतःची टेप लावली, साडेपन्नासच भरलं. म्हणाले, "हाल्वार, तू मोजत राहा. तुझ्यासारखा माणूस प्रत्येक गावात असता तर माझी नोकरी गेली असती." त्यांना आता आलेख हवाय.

आई बरी आहे म्हणायची. गेल्या आठवड्यात बटाटे उकडायला ठेवून विसरली, भांडं जळून काळं झालं. मला म्हणाली, शेजारच्या गुनवोरने येऊन जाळलं. नाताळला येशील तेव्हा जरा जास्त दिवस काढून ये.

हाल्वार

&nbsp;

बेर्गन, १५ ऑक्टोबर १९७८

प्रिय हाल्वार,

तुझे आकडे बघून मी वह्या तपासायच्या सोडून चौकटीचा कागद काढला. आडव्या रेघेवर महिने मांडले, उभ्या रेघेवर सेंटिमीटर, आणि सहा ठिपके दिले. पट्टी ठेवली तर सगळे जवळजवळ एका ओळीत. कुठे अर्धा वर, कुठे अर्धा खाली, तेवढं चालायचंच. टेप ओढताना हात हलतो, थंडीत लोखंड आखडतं.

आता नीट वाच, शाळेत मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचास तसं करू नकोस. सरळ रेषेचं समीकरण लिहायला दोनच गोष्टी लागतात. एक, ती सुरू कुठे होते. महिना शून्य, म्हणजे मे, तेव्हा फट बेचाळीस होती. रेषा उभ्या रेघेला तिथे छेदते, त्याला आंतरछेद म्हणतात. दुसरी, दर महिन्याला ती किती वर जाते. दोन सेंटिमीटर. तो तिचा चढ. झालं. य बरोबर दोन क्ष अधिक बेचाळीस. क्षच्या जागी महिना घाल, य म्हणजे फट किती ते मिळतं. बर्फामुळे हिवाळ्यात तुला वर जाता येणार नाही, हरकत नाही. पुढच्या मे महिन्यात क्ष बारा होईल. दोन गुणिले बारा चोवीस, अधिक बेचाळीस, सहासष्ट. बघू तुझा डोंगर माझं ऐकतो का.

एक प्रत ब्रेक्केंना पाठवते आहे.

आईला म्हणावं, भांड्याचं मनावर घेऊ नको. वय झालं की होतं.

तुझी सिग्ने

&nbsp;

इन्नरविक, ११ मार्च १९७९

सिग्ने,

नाताळला तू तीन दिवस होतीस, तेव्हा आई न्हाऊन-माखून, केस विंचरून बसली होती. पाहुणे आले की ती अशीच शहाणी होते. तू गेलीस त्या संध्याकाळी मला म्हणाली, "ती बाई कोण होती? चांगली होती."

हे तेव्हा कळवलं नाही. आता कळवतो, कारण फेब्रुवारीत ती पहाटे गोठ्याकडे निघाली आणि दारातल्या बर्फावर पडली. खुबा मोडला. बोटीने इस्पितळात नेली, परवा परत आणली. चालता येत नाही, पण तिला ते आठवत नाही. उठते आणि पडते. आता एकटी ठेवायची सोय नाही. गायींचं दूध काढताना खुर्चीसकट गोठ्यात आणून बसवतो. गायी बघून शांत राहते.

ईस्टरला दोन आठवडे येशील का? नाहीतर उन्हाळ्यात. तू असलीस की मला जरा बाहेर पडता येईल.

हाल्वार

&nbsp;

बेर्गन, २५ मार्च १९७९

प्रिय हाल्वार,

आईचं वाचून फार वाईट वाटलं. मी येणारच होते, पण ईस्टरनंतर लगेच परीक्षा आहेत आणि यंदा सगळ्या वर्गांचे पेपर माझ्याकडे आलेत. लोकरीचे पायमोजे आणि एक मऊ उशी पाठवली आहे. गुनवोर आहेच शेजारी, आणि तू तर आईचा लाडका. तुझ्यासारखं तिला कोण सांभाळणार?

बर्फ वितळलं की खुंट्या बघायला विसरू नकोस. ब्रेक्केंनी परवा फोन करून विचारलं. सहा महिन्यांचा खंड पडला आहे, तेव्हा मेचा आकडा फार महत्त्वाचा. सहासष्ट यायला हवेत. मी तर मुलांबरोबर पैज लावून बसले आहे.

तुझी सिग्ने

&nbsp;

इन्नरविक, ७ मे १९७९

सिग्ने,

सहासष्ट.

आई आता मला बाबांच्या नावाने हाक मारते. काल रात्रभर विचारत होती, जाळी ओढून आणली का. मी म्हटलं, आणली. मग म्हणाली, किती मासळी मिळाली? मी म्हटलं, भरपूर. खोटं बोललं की झोपते.

उन्हाळ्याचं काय ते कळव.

हाल्वार

&nbsp;

बेर्गन, १९ मे १९७९

प्रिय हाल्वार,

तुझं पत्र मी वर्गात नेलं. फळ्यावर समीकरण आधीच लिहिलेलं होतं. मुलांना बारा महिन्यांची किंमत काढायला लावली आणि मग पाकिटातून तुझा आकडा वाचून दाखवला. वीस वर्षं शिकवते आहे, असा तास कधी झाला नव्हता. ज्या पोरांना गणित म्हणजे नुसती कटकट वाटते, त्यांना पहिल्यांदा कळलं की दोन आकड्यांवर अख्खा डोंगर तोलता येतो. शिक्षकांच्या मासिकात यावर लेख लिही, असं मुख्याध्यापक म्हणतात.

उन्हाळ्यात त्रोन्हाइमला शिक्षकांचं शिबिर आहे, मलाच शिकवायचं आहे. ऑगस्टच्या शेवटी जमवते. आईला माझी आठवण सांग. आणि मोजत राहा. रेषा पुढे कितीही लांबवता येते, पण दर महिन्याचा ठिपका हवाच.

तुझी सिग्ने

&nbsp;

इन्नरविक, २३ सप्टेंबर १९७९

सिग्ने,

ऑगस्ट गेला. तू आली नाहीस, ते असो.

आकडे तुला वेळोवेळी कळवलेच आहेत. अडुसष्ट, सत्तर, बहात्तर. या महिन्यात चौऱ्याहत्तर. ब्रेक्के आले होते, पण तीन दिवस ढग खाडीपर्यंत उतरलेले. वर काही दिसेना, तेव्हा बोटीने परत गेले. जाण्याआधी प्रार्थनाघरात सगळ्यांना बोलावलं. तुझा आलेख भिंतीवर लावला. म्हणाले, "एवढी सरळ रेषा मी नोकरीत पाहिलेली नाही. हा डोंगर घड्याळासारखा चालतोय. पुढच्या शरदात फट एक मीटर होईल, आणि त्यानंतर मी कुणाच्याही जिवाची हमी देणार नाही. मार्चपर्यंत सगळी घरं रिकामी झाली पाहिजेत."

गुनवोर एवढंच म्हणाली, "माझा नवरा इथल्या मातीत आहे, त्याला कसं हलवू?" सगळे माझ्याकडे बघत होते.

सिग्ने, तू त्यांना लिही. त्यांना सांग की रेषा म्हणजे काही देववाणी नव्हे. सांग की त्यांनी स्वतः वर जाऊन बघावं, ऑक्टोबरात आभाळ निवळतं. तुझं ते ऐकतील. माझं ऐकणार नाहीत, कारण मी ज्याचं घर जाणार तो.

हाल्वार

&nbsp;

बेर्गन, १ ऑक्टोबर १९७९

प्रिय हाल्वार,

तुझं दुःख मला कळतं. ते माझंही घर आहे. पण तू जे मागतोस ते मला करता येणार नाही. आकडे तू मोजलेस. आता ते आवडत नाहीत म्हणून त्यांच्याशी भांडायचं? एकोणतिसावा महिना पुढचा ऑक्टोबर. दोन गुणिले एकोणतीस अठ्ठावन्न, अधिक बेचाळीस, शंभर. हे माझं मत नाही. माझ्या मताला इथे जागाच नाही. आणि उद्या तो कडा खाडीत कोसळून लाट उसळली आणि तुम्ही सगळे खाली असलात, तर मी कुणाला तोंड दाखवू?

लहानपणी तू असाच होतास. दात दुखला की डॉक्टरवर रागवायचास.

आईची सोय मी केली आहे. जिल्ह्याच्या शहरात चांगला वृद्धाश्रम आहे, तिथली व्यवस्थापिका माझ्या ओळखीची. जानेवारीत खोली मिळेल. खरं सांगायचं तर यात तुझंही भलंच आहे. तुलाही थोडी मोकळीक हवी होती ना?

तुझी सिग्ने

&nbsp;

शहरातून, २० एप्रिल १९८०

सिग्ने,

पत्ता बदलला आहे तो पाकिटावर बघ. तिसरा मजला. माझ्या वर कुणीतरी राहतं आणि सारखं चालतं.

अकराही घरं रिकामी झाली. मेंढ्या गेल्या, गायी गेल्या. शेवटच्या बोटीत गुनवोर, मी आणि तिची मांजर. वीज तोडली, बोटीचा थांबा बंद केला. धक्क्याच्या फळ्यासुद्धा कुणीतरी उचकटून नेल्या.

आईची खोली गाड्या उभ्या करायच्या जागेवर उघडते. रोज संध्याकाळी ती विचारते, दूध काढलंस का. मी हो म्हणतो. मग ती माझे हात हुंगते आणि म्हणते, "खोटारडा." बाकी सगळं विसरली, पण नाक शाबूत आहे. जेवत नाही. गुनवोर रोज जाते आणि तिला चमच्याने लापशी भरवते, माझ्या हातून खात नाही.

तू येणार असशील तर लवकर ये.

हाल्वार

&nbsp;

बेर्गन, २४ ऑगस्ट १९८०

हाल्वार,

आईच्या अंत्यविधीला आपण एका बाकावर बसलो आणि एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, तू मला दोष देतोस, मी तिच्या शेवटाला वेळेवर पोहोचले नाही म्हणून. मी तो दोष घेतला होता. आज वेगळ्याच कारणाने लिहिते आहे.

ब्रेक्केंचा फोन आला. जुलैमध्ये त्यांनी ग्रोहामरवर मोजणीची तार बसवली, हेलिकॉप्टरने नेऊन. दोन्ही खुंट्या जागच्या जागी, घट्ट. त्यांच्यातलं अंतर त्रेपन्न सेंटिमीटर. समीकरणाप्रमाणे चौऱ्याण्णव हवं होतं. दीड महिन्यात तार केसभरही हललेली नाही. ब्रेक्के गोंधळलेत. म्हणतात, तुझ्या भावाची टेप बिघडली असेल.

टेप बिघडत नसते. मी तुझी सगळी पत्रं काढून बसले. पहिल्या वर्षीचे सहा आकडे: कुठे अर्धा वर, कुठे अर्धा खाली. नंतरचे सहासष्ट, अडुसष्ट, सत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर. एकही ठिपका रेषेच्या बाहेर नाही. एकही नाही. माझ्या वर्गातल्या पोराने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी त्याला त्याच क्षणी विचारलं असतं, कुणाचं बघून लिहिलंस? आणि तुझ्या बाबतीत मी ते फळ्यावर मिरवलं.

तू वर गेलाच नव्हतास. बरोबर ना?

सिग्ने

&nbsp;

शहरातून, २ सप्टेंबर १९८०

सिग्ने,

बरोबर.

मे महिन्यात निघालो होतो. बूट घातले, टेप घेतली. कुंपणापर्यंत गेलो आणि मागे बघितलं तर आई दारातून सरपटत बाहेर येत होती, कोपरांवर. वर जाऊन यायला अर्धा दिवस लागतो. मी परत फिरलो. तिच्या कोपरांतले खडे काढले. संध्याकाळी तुला पत्र लिहायला बसलो, तर तुझं पत्र समोर होतं. सहासष्ट यायला हवेत, असं लिहिलेलं. लिहिले. मला वाटलं, पुढच्या महिन्यात जाईन, तेव्हा खरा आकडा देईन. पुढच्या महिन्यात कुणी आलं नाही. मी पुन्हा दोन मिळवले. डोंगर सरकतोय याबद्दल मला शंकाच नव्हती. ते तूच सिद्ध केलं होतंस.

मी तुला तीन वेळा ये म्हणून लिहिलं. तू तीन वेळा आकडे मागितलेस. तुला जे हवं होतं ते मी दिलं.

प्रार्थनाघरात ब्रेक्केंनी आलेख लावला तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. तुला लिहिलं, की त्यांना वर जायला सांग. आणखी काय लिहू शकत होतो? तू मला दातदुखीची गोष्ट सांगितलीस.

हाल्वार

&nbsp;

बेर्गन, ९ सप्टेंबर १९८०

हाल्वार,

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. मला तुझी दया येत नाही. आधी वाटलं येईल.

'या महिन्यात जमलं नाही' एवढं एक वाक्य तुला लिहिता आलं असतं. एक ठिपका गाळला असता तर रेषेचं काही बिघडत नव्हतं. मी आले नाही, हे खरं, आणि ते माझ्या उशाशी रोज येऊन बसणार आहे. पण माझं न येणं एका घराचं नुकसान होतं. तू दहा घरं आणखी त्यात ओढलीस. आईच्या कोपरांचा आधार घेऊन तू मला हे ऐकवतोस, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये.

मी ब्रेक्केंना सगळं सांगितलं. विचारलं, लोकांना परत जाता येईल का. ते म्हणाले, एकदा धोक्याची जमीन म्हणून शिक्का बसला की तो काढायची हिंमत कोणताही साहेब करत नाही. फट तर आहेच. कधीतरी पडेलही, शंभर वर्षांनी, हजार वर्षांनी. तोवर कुणाला राहता येणार नाही.

माझा लेख मासिकात आला आहे. परत घ्यायला उशीर झाला. गावच्या लोकांना तू सांगणार आहेस की मी? पंधरा दिवस वाट बघते.

सिग्ने

&nbsp;

शहरातून, २९ सप्टेंबर १९८०

सिग्ने,

सांगितलं. रविवारी चर्चनंतर इन्नरविकचे सगळे तळघरात कॉफीला जमतात. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की दुसऱ्या वर्षी मी वर गेलो नव्हतो, आकडे घरी बसून लिहिले. डोंगर हलत नव्हता.

मला वाटलं होतं, कुणीतरी मारेल. लोहाराचा हात उठलाही होता, पण त्याने तो खिशात घातला आणि बायकोला म्हणाला, चल. एकेक करून सगळे निघून गेले. कप तसेच राहिले. गुनवोर बसून होती.

मग तिने विचारलं, "का गेला नाहीस?"

मी म्हटलं, "आईपाशी कुणी नव्हतं."

"सिग्नेला बोलावलं नाहीस?"

"बोलावलं. तीन वेळा."

ती म्हणाली, "माझं दार तुमच्या दारापासून वीस पावलांवर होतं, हाल्वार. मी दिवसभर रिकामीच असायची. मी बसले असते ना तुझ्या आईपाशी. मला का नाही विचारलंस?"

मला ते कधी सुचलंच नाही. आई आपली, म्हणून तू यायला हवी होतीस, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलेलं होतं. तुला आणायचंच होतं मला. आणि तू आली नाहीस की दर वेळी मी आणखी हट्टाला पेटायचो.

गुनवोरने सगळे कप गोळा केले, धुतले, पुसून कपाटात ठेवले. मला हात लावू दिला नाही. जाताना म्हणाली, उद्यापासून जिन्यात भेटलास तरी बोलू नकोस. आम्ही एकाच इमारतीत राहतो.

तू येऊ नकोस. आता कुणी आजारी नाही.

हाल्वार